११ महिने वापरल्यावर: साठ्याचा रिपोर्ट, अर्धा इंची व्हॉल्व्ह आणि एक बंद टिक

आमच्या बिलिंग आणि साठ्याच्या सॉफ्टवेअरची वर्गणी पुन्हा भरायची वेळ आली आहे, म्हणून हे लिहायला बसले. बिलिंग, बारकोड, मोबाइल अ‍ॅप या गोष्टी सगळ्यांना माहीत आहेत, त्यावर वेळ घालवत नाही. मी लिहिणार आहे ते सॉफ्टवेअरच्या साठा-विश्लेषणाबद्दल, आणि त्यातही बराचसा वेळ एकाच रकान्याबद्दल: ‘सरासरी दैनिक विक्री’. या एका रकान्याने आमची एक चांगली पार्टी, म्हणजे गिऱ्हाईक, घालवली.

आमचं नळजोडणीच्या सामानाचं वितरण आहे. साधारण १,८०० आयटेम आणि दोन गोदामं. खरेदी आणि साठा मी बघते. आधी सगळं एक्सेलवर होतं. नवीन सॉफ्टवेअर आल्यावर पहिले चार महिने मी खूश होते. सकाळी रिपोर्ट उघडायचा, लाल दिसेल त्याची ऑर्डर टाकायची, हिरव्याला हात लावायचा नाही.

पाचव्या महिन्यात एका जुन्या दुकानदाराचा फोन आला. “ताई, तुमच्याकडे अर्धा इंची बॉल व्हॉल्व्ह कधीच नसतो. आता तो आम्ही दुसरीकडून घेतो, आणि त्याच गाडीत बाकीचंही येतं.” मी रिपोर्ट उघडून बघितला तर व्हॉल्व्ह हिरवा! सरासरी दैनिक विक्री ६, साठा पुरेसा. मला त्या माणसाचा ‘कधीच’ हा शब्द फार लागला, कारण तो उगाच बोलणारा नाही.

त्या आयटेमची ९० दिवसांची रोजची आवक-जावक काढली. विक्री ५४० नग. ५४० भागिले ९०, बरोबर ६. पण रोजच्या ओळी खाली खाली वाचत गेले तेव्हा दिसलं की विक्री सलग नव्हतीच. सहा-सात दिवस ९-९, १०-८ अशी विक्री, मग तीन-चार दिवस शून्य, मग पुन्हा विक्री. असे शून्याचे एकूण ३० दिवस. त्या ३० दिवसांत गिऱ्हाईक नव्हतं असं नाही, आमच्याकडे माल नव्हता. खरा खप काढायचा तर ५४० ला माल असलेल्या ६० दिवसांनी भागायला हवं. म्हणजे रोजचे ९.

आता याचं पुढे काय होतं ते बघा. माल यायला १० दिवस लागतात असं धरा. रिपोर्ट म्हणतो रोजचे ६, म्हणून साठा ६० वर आला की ऑर्डर. पेटीही ६० चीच, म्हणून ऑर्डर एक पेटी. पण दुकानदार रोज ९ नेतात, तेव्हा ६० नग पावणेसात दिवसांत संपतात आणि उरलेले सव्वातीन दिवस फडताळ रिकामं. पेटी येते, साठा ६० होतो, लगेच पुढची ऑर्डर, पुन्हा तेच चक्र. १० दिवसांत ६० नग विकले, सरासरी ६. रिपोर्टचा आकडा स्वतःला बरोबर ठरवत राहतो. आम्ही कमी मागवतो म्हणून कमी विकतो, आणि कमी विकतो म्हणून रिपोर्ट कमी मागवायला सांगतो. तुमच्याकडे एखादा आयटेम महिनोन्‌महिने अगदी एकसारख्या आकड्यावर विकला जात असेल, तर आधी त्याचे शून्याचे दिवस मोजा.

सपोर्टला तीन तिकिटं (तक्रारीच्या नोंदी) काढली. तिन्ही वेळा उत्तर एकच: रिपोर्ट बरोबर चालतोय. भागाकार बरोबर होताच, मी भाजकाबद्दल विचारत होते. तिसऱ्या वेळी फोनवर जवळपास भांडणच झालं. शेवटी त्यांच्यातल्या एका मुलाने सांगितलं की अहवालांच्या प्रगत सेटिंगमध्ये खाली एक टिक आहे: ‘शिल्लक नसलेले दिवस सरासरीतून वगळा’. ती मुळात बंद असते. मी लगेच लावली आणि रिपोर्ट नव्याने काढला. सरासरी पुन्हा ६!

त्या संध्याकाळी मी या सॉफ्टवेअरला पाचात दोन दिले असते. ते तसेच राहिले नाहीत, त्याचं कारण गोदामात सापडलं.

आमच्या गोदामात जे काका आहेत ते माल हाताने मोजणारे, स्क्रीनवर विश्वास न ठेवणारे. त्यांना म्हटलं, “काका, अर्धा इंची व्हॉल्व्ह मोजून द्या.” ते म्हणाले, “ताई, विकायला एकही नाही. ते तीन आहेत, पण ते निळ्या ट्रेमधले.” निळ्या ट्रेमध्ये परत आलेला माल ठेवतात. तिथे तीन व्हॉल्व्ह पडलेले, तिन्हींचे हँडल तुटलेले, एकावर चिकटपट्टीने गुंडाळलेलं परतीचं चलान. चार महिन्यांपूर्वीची तारीख. हे तीन नग परत आले तेव्हा नोंद मुख्य साठ्यातच झाली होती. त्यामुळे सॉफ्टवेअरच्या लेखी त्या आयटेमची शिल्लक कधी शून्य झालीच नाही. ती नेहमी निदान ३ राहिली. मग वगळायला रिकामा दिवस तरी कुठून सापडणार?

‘खराब माल’ असं वेगळं ठिकाण उघडलं, तिन्ही नग चलानाच्या मूळ तारखेने तिकडे वळते केले आणि रिपोर्ट पुन्हा चालवला. मागच्या तारखेची नोंद धरून त्याने प्रत्येक दिवसाची शिल्लक नव्याने मांडली आणि ६ चे ९ झाले. हे मला मनापासून आवडलं. एक्सेलवर हेच करायला माझे दोन दिवस गेले असते. दोनाचे साडेतीन तिथे झाले. चूक निम्मी त्यांची आणि निम्मी आमची होती, हे मान्य करायला हवं. पण टिक मुळात बंद ठेवायचं कारण मला आजही कोणी सांगू शकलेलं नाही.

मग दोघं मिळून सगळा निळा ट्रे उपसला. ११४ आयटेमची शिल्लक अशीच फसवी निघाली. कुठे एक नग, कुठे दोन, एका युनियनच्या (पाइप जोडायच्या तुकड्याच्या) खात्यात तर १७ आणि सगळे आटे गेलेले.

टिक लावली म्हणजे सुटलो असं मात्र धरू नका. महिनाभराने दुसरी गोष्ट लक्षात आली. आमच्याकडे दुसऱ्या एका कंपनीचाही अर्धा इंची व्हॉल्व्ह आहे. पहिला संपला की काही दुकानदार नाइलाजाने तो घेत. म्हणजे पहिल्याचे रिकामे दिवस दुसऱ्याच्या विक्रीत फुगून बसले होते, आणि त्या फुगलेल्या सरासरीवर मी दुसऱ्याचा माल भरून ठेवला होता. पहिला नियमित मिळू लागल्यावर दुसऱ्याचा खप झपाट्याने उतरला. तेव्हा एका आयटेमची सरासरी दुरुस्त केलीत की त्याच्या जागी जे जातं त्याचीही तपासा. माल आल्याच्या पहिल्या दिवशी तुंबलेल्या ऑर्डरी एकदम निघतात, तो दिवसही सरासरी थोडी वर ओढतो. मी आता असा पहिला दिवस बाजूला ठेवून आकडा बघते.

दुसरा मोठा घोळ माल यायला लागणाऱ्या दिवसांचा. मास्टरमध्ये, म्हणजे आयटेमच्या मूळ माहितीत, १० दिवस भरले होते, ते पुरवठादाराने सांगितलेले. शेवटच्या पाच पेट्यांचे खरे दिवस काढले: ९, १०, ११, १०, १९. सरासरी ११.८. बरेच जण सरासरी दुरुस्त करून थांबतात, मीही थांबणार होते. पण खरा त्रास त्या १९ मध्ये आहे.

सॉफ्टवेअर जो राखीव साठा (अडीअडचणीसाठी ठेवायचा जादा माल) सुचवतं तो फक्त विक्रीतला चढउतार धरून. आमच्या व्हॉल्व्हची रोजची विक्री सरासरी ९, प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून साधारण किती इकडेतिकडे होतात ते) ४. ऑर्डर दिल्यापासून माल येईपर्यंत १०० पैकी ९५ वेळा तुटवडा पडू नये असं हवं असेल तर गुणक १.६५. मग १.६५ गुणिले ४ गुणिले ११.८ चं वर्गमूळ, म्हणजे साधारण २३ नग. आता माल यायच्या दिवसांतला चढउतारही धरा. या पाच पेट्यांचं प्रमाण विचलन जवळपास ४ दिवस आहे. विक्रीच्या विचलनाचा वर्ग, म्हणजे १६, गुणिले ११.८, त्यात रोजच्या विक्रीचा वर्ग, म्हणजे ८१, गुणिले दिवसांच्या विचलनाचा वर्ग मिळवायचा. एकूण बेरजेचं वर्गमूळ घेऊन १.६५ ने गुणायचं. उत्तर साधारण ६५ येतं. २३ कुठे आणि ६५ कुठे! आमचा तुटवडा गिऱ्हाइकांच्या लहरीमुळे कमी आणि पुरवठादाराच्या लहरीमुळे जास्त होत होता, हे मला हा हिशोब हाताने केला तेव्हाच कळलं. पाच पेट्या ही फार थोडी माहिती आहे हेही खरं, त्यामुळे दर नव्या पेटीनंतर आकडा पुन्हा काढते.

आणि हे ९५ म्हणजे ९५ टक्के मागणी पुरी होते असं नव्हे. शंभर वेळा माल मागवला तर पाच वेळा माल येण्याआधी साठा संपेल, एवढाच त्याचा अर्थ. त्या पाच वेळांत दोन नग कमी पडतील की चाळीस, ते हा आकडा सांगत नाही. डॅशबोर्डवर मात्र तो ‘सेवा पातळी ९५%’ असा ठळक दिसतो आणि मालकांपासून सेल्सच्या मुलांपर्यंत सगळे चुकीचा वाचतात.

तेव्हा या व्हॉल्व्हची ऑर्डर आता १७१ वर पडते: ११.८ दिवसांचे १०६ आणि राखीव ६५. पूर्वी ६० वर पडायची. सुरुवातीला इथेही मी ठेच खाल्ली. १७१ ची तुलना फक्त हातातल्या साठ्याशी करत होते, आणि वाटेवरच्या पेट्या मोजायच्या राहून गेल्या. दोन पेट्या जास्त आल्या. वाटेवरचा माल धरून बघायचा रकाना सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि तो चांगला चालतो.

एबीसी वर्गवारीबद्दल, म्हणजे मालाचे पैशांनुसार अ, ब, क असे वर्ग पाडण्याबद्दल, थोडं. ही पद्धत जुनी आहे, जनरल इलेक्ट्रिकमधल्या एच. फोर्ड डिकी यांनी १९५१ मध्ये ती मांडली. पैशांत मोठ्या असलेल्या मोजक्या मालावर लक्ष द्या, हा तिचा गाभा, आणि तो बरोबर आहे. पण आमच्याकडे टेफ्लॉन टेप क वर्गात बसते आणि जवळजवळ प्रत्येक ऑर्डरमध्ये असते. टेप नसली की दुकानदार अख्खी ऑर्डर दुसऱ्याला देतो. म्हणून मी वर्ग दोनदा काढते, एकदा किमतीवर आणि एकदा किती बिलांत तो आयटेम येतो त्यावर. दुसरा रिपोर्ट सॉफ्टवेअरमध्ये नाही, बिलांच्या ओळी एक्सेलला काढून पिव्हट (गोषवाऱ्याचा तक्ता) करावी लागते.

चार इंची फ्लँजसारखा माल सरासरीच्या वाट्याला देऊच नका. तीन महिन्यांत एकदा कोणीतरी २० नग एकदम नेतो, रिपोर्ट म्हणतो रोजचे ०.२२. या आकड्याचं करायचं काय? अशा मालासाठी क्रॉस्टन या संशोधकाने १९७२ मध्ये सुचवलेली रीत अशी, की एका वेळी किती जातात आणि किती दिवसांनी जातात हे दोन अंदाज वेगळे ठेवायचे. मी कागदावर तेवढंच करते आणि मोठी ऑर्डर घेणाऱ्या पार्टीला आधी विचारते.

साठा वर्षात किती वेळा फिरला याचा आकडा विक्रीच्या रकमेवरून काढलेला आहे. साठा खरेदी भावाने आणि वरचा आकडा विक्री भावाने, म्हणजे नफा मिसळून आकडा फुगतो. सेटिंगमध्ये खरेदी भाव निवडा. सरासरी साठाही महिनाअखेरचा घेऊ नका. आमच्याकडे शेवटच्या आठवड्यात बिलं धडाधड निघतात आणि ३१ तारखेला गोदाम महिन्यातलं सगळ्यात रिकामं दिसतं. आठवड्याचा आकडा घेतला की चित्र पूर्ण बदलतं.

उणे शिल्लकही इथे सर्रास चालते. आवकेची नोंद व्हायच्या आधी बिल काढता येतं, कुठलीही अडवणूक नाही. आवक दोन दिवस उशिरा चढली की त्या दोन दिवसांत शिल्लक शून्य किंवा उणे दिसते, आणि टिक लावलेली असेल तर विक्री झालेले दिवसही भाजकातून गळतात. तेव्हा सरासरी उलट्या बाजूने चुकते. आता आमच्याकडे गाडी उतरली की काका चहाच्या आधी आवक चढवतात. उणे शिल्लक बंद करायची सोय सॉफ्टवेअरमध्ये आहे, तीही मुळात बंदच.

सॉफ्टवेअर कंपनीचा माणूस विक्रीचा अंदाज बांधण्याचं जादा मॉड्यूल घ्या म्हणून मागे लागला आहे. किंमत वर्गणीच्या जवळपास निम्मी. मी घेतलं नाही आणि घेणार नाही. ते मॉड्यूल याच नोंदींवर उभं राहणार, आणि ११४ आयटेमची शिल्लक ट्रेमध्ये हात घालून दुरुस्त करायला कुठलंही मॉड्यूल आलं नव्हतं. तोच पैसा मी दर आठवड्याच्या फिरत्या मोजणीवर लावला, दोन माणसांचा अर्धा-अर्धा दिवस. अ वर्गाचा माल महिन्यातून एकदा, बाकीचा तीन महिन्यांतून एकदा हाताखालून जातो.

मूळ वर्गणी मात्र भरली, एका वर्षाची. तो दुकानदार व्हॉल्व्ह पुन्हा आमच्याकडून घेतो. बाकीचा माल अजून दुसरीकडूनच येतो त्याचा.

गेल्या आठवड्यात नवीन व्हर्जन आलं. अपडेट झाल्यावर सगळ्यात आधी मी ती टिक बघितली. निघालेली होती. पुन्हा लावली आणि चौथं तिकीट काढलं.