ड्रोन पाडायचं कशानं? तोफ, लेझर, जॅमर की दुसरं ड्रोन

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असाल, संरक्षण क्षेत्रात जायचं ठरलं असेल आणि ड्रोनविरोधी यंत्रणा खुणावत असेल, तर पुढची चार-पाच वर्षं कशात घालायची हा प्रश्न पडणारच. त्यासाठीच ही तुलना.

आधी शत्रूचा हिशेब. शाहेद-136 हे इराणी बनावटीचं ड्रोन रशिया 2022 पासून युक्रेनवर सोडतोय. वजन सुमारे 200 किलो, वेग ताशी 180 किलोमीटरच्या आसपास, इंजिन साधं पिस्टनचं. त्याच्या घरघरीमुळे तिथली माणसं त्याला ‘मोपेड’ म्हणतात. किमतीचा अंदाज 20 ते 50 हजार डॉलर. पेट्रियट या अमेरिकी हवाई संरक्षण यंत्रणेचं एक आधुनिक क्षेपणास्त्र साधारण 40 लाख डॉलरला पडतं. म्हणून महागडी क्षेपणास्त्रं मी या तुलनेत धरतच नाही. ती विमानांसाठी आणि शत्रूच्या क्षेपणास्त्रांसाठी राखूनच ठेवायला हवीत.

तोफेला मुलं जुनाट समजतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. 8 मे 2025 च्या रात्री पाकिस्ताननं 36 ठिकाणी 300 ते 400 ड्रोन पाठवल्याचं आपल्या सरकारनं सांगितलं. त्या दिवसांत आकाश क्षेपणास्त्रांच्या जोडीला उभी होती एल-70 तोफ: मूळ स्वीडिश, 40 मिलिमीटरची, मिनिटाला 300 च्या आसपास गोळे सोडणारी. तिला नवं रडार आणि रात्री दिसणारे कॅमेरे जोडल्यावर ती पुन्हा कामाची झाली. युक्रेनमध्येही जर्मन सैन्यानं निवृत्त केलेल्या गेपार्ड तोफांनी शाहेद पाडले. मर्यादा आहेच: मारा साडेतीन-चार किलोमीटरचा, त्यामुळे प्रत्येक वीजकेंद्रापाशी वेगळी तोफ लागते. पण खरी प्रगती नळीत नाही, गोळ्यात आहे. नळीतून सुटतानाच गोळ्याला फुटायची वेळ सांगितली जाते, तो लक्ष्याच्या जरा अलीकडे फुटतो आणि टंगस्टनच्या बारीक कणांचा झोत ड्रोनच्या वाटेत पसरतो. हे सगळं गोळ्यातल्या इवल्या फ्यूजवर, म्हणजे तो नेमक्या वेळी फोडणाऱ्या भागावर, अवलंबून असतं, आणि चांगला फ्यूज करणं फार अवघड आहे.

नागपूरच्या सोलर समूहाचं ‘भार्गवास्त्र’ याच जातकुळीचं. मे 2025 मध्ये ओडिशातल्या गोपाळपूरला त्याच्या सूक्ष्म रॉकेटांची चाचणी झाली.

लेझरचं आकर्षण मी समजू शकतो. डीआरडीओनं एप्रिल 2025 मध्ये कर्नूलला 30 किलोवॅटच्या लेझरनं ड्रोन पाडून दाखवलं. ब्रिटनच्या ‘ड्रॅगनफायर’चा एक मारा सुमारे 10 पौंडांत होतो असं तिथलं सरकार सांगतं. पण त्या 10 पौंडांत यंत्राची किंमत येत नाही. किरण एकाच जागी काही सेकंद धरून ठेवावा लागतो, एका वेळी एकच लक्ष्य घेता येतं, आणि धुकं, धूळ, पाऊस यांनी तो क्षीण होतो. कोकण किनाऱ्यावर जुलैत तो कसा चालेल, हा प्रश्न त्या क्षेत्रात जाणाऱ्यानं पहिल्या दिवसापासून विचारावा. भौतिकशास्त्राची ओढ आणि पीएचडीचा धीर असेल, तरच इकडे या.

जॅमर म्हणजे ड्रोनचा रेडिओ दुवा तोडणारं यंत्र: स्वस्त, झटपट आणि शहरात सगळ्यात सुरक्षित. मात्र 2024 पासून रशियानं ऑप्टिकल फायबरची दोरी मागे सोडत जाणारी ड्रोन आघाडीवर आणली. रेडिओचा दुवाच नाही, मग जॅम काय करणार? जॅमर लागणारच, पण नुसत्या त्याच्या भरवशावर राहता येणार नाही.

चौथी वाट ड्रोननं ड्रोन पाडायची. युक्रेननं काही हजार डॉलरची, शाहेदपेक्षा वेगवान इंटरसेप्टर ड्रोन बनवली आणि ती लहान कारखान्यांत मोठ्या संख्येनं तयार होतात. मला हीच वाट सगळ्यात जिवंत वाटते. शाहेदच्या जेट इंजिनाच्या आवृत्तीमागे धावताना मात्र ती कमी पडतात, आणि बरीचशी अजून माणसाच्या हातावरच उडतात.

आता निवड. मेकॅनिकल, धातुशास्त्र किंवा रसायन शिकला असाल तर गोळा आणि फ्यूज घ्या. पुण्यात पाषाणची एआरडीई आणि सुतारवाडीची एचईएमआरएल या डीआरडीओच्या प्रयोगशाळा शस्त्रं आणि स्फोटकांवरच काम करतात. इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटरवाल्यांनी इंटरसेप्टरकडे वळावं, आणि त्यातही लक्ष्य शोधण्याकडे. युक्रेननं खांबांवर सुमारे 10 हजार मायक्रोफोन बसवून त्या ‘मोपेड’च्या आवाजाचा माग काढला. प्रत्येक मायक्रोफोनचा खर्च काहीशे डॉलर. तोफ असो वा इंटरसेप्टर, नेम धरायला ती माहिती दोघांनाही लागते. उद्या यंत्रणा बदलली, तरी हे शिकलेलं वाया जाणार नाही.

नोकरीच्या मुलाखतीत एक गोष्ट नक्की विचारा: चाचणीच्या मैदानावर मला कधी नेणार? पहिल्या वर्षातच नेणारा गट मिळाला, तर पगार थोडा कमी असला तरी तोच घ्या.