गल्ल्यावरचे नऊ महिने: बोलणाऱ्या टॅबलेटचा अनुभव

दिवाळी झाली आणि नोव्हेंबरात टॅबलेट हातात आला. आज पोळा. मधले नऊ महिने मी रोज त्यावरूनच बोलतोय, म्हणजे आता लिहायला हरकत नाही.

मला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. ऐकू नीट येतं, हिशोब पक्का आहे. जीभ, ओठ आणि बोटं मात्र वेळेवर ऐकत नाहीत. अशा अडखळत्या, अस्पष्ट बोलण्याला डिसार्थ्रिया म्हणतात. घरच्यांना माझं बोलणं कळतं, परक्याला नाही. अमळनेरला आमचं बी-बियाणं आणि खतांचं दुकान आहे. गल्ला आणि उधारीची वही बारा वर्षं माझ्याकडे आहे, आणि बारा वर्षं गिऱ्हाईक माझ्यासमोर उभं राहून भावाला विचारत आलंय, "हा काय म्हणतोय?"

ॲपचं नाव मुद्दाम लिहीत नाही. माझ्या बोटांना जे जमतं ते दुसऱ्याला जमेलच असं नाही, आणि निवड वाचा-उपचारतज्ज्ञानं माणूस बघूनच करायला हवी. माझं ॲप अक्षरांचं आहे: मी टाइप करतो, ते मराठीत मोठ्यानं वाचतं. ज्यांना अक्षरओळख नाही, विशेषतः लहान मुलं, त्यांच्यासाठी चित्रांची ॲप असतात. मुंबईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइनच्या विभागात तयार झालेलं 'जेलो' त्यातलंच, मोफत आणि मराठीतही. चित्रावरून बोलण्याची वाट तशी जुनी आहे. चार्ल्स ब्लिस यांनी सगळ्या जगाला वाचता यावी म्हणून चिन्हलिपी काढली होती, आणि 1971 मध्ये टोरांटोच्या एका केंद्रात ती बोलू न शकणाऱ्या मुलांसमोर ठेवली गेली.

पहिले तीन आठवडे वाईट गेले. 'क'वर जायचं तर बोट 'ख'ला घासून जायचं आणि दोन्ही उमटायचं. जळगावच्या उपचारतज्ज्ञ मॅडमनी दोन उपाय सांगितले. एक, बोट अर्धा सेकंद टेकलं तरच अक्षर उमटावं, अशी सेटिंग. दुसरा, कीबोर्डवर बसणारी भोकांची पट्टी. ती तयार मिळेना, तेव्हा भाऊ नावाच्या पाट्या बनवणाऱ्याकडे गेला. त्यानं टॅबलेटचं माप घेतलं, ॲक्रिलिकवर लेझरनं भोकं पाडली आणि कडा पॉलिश करून दिल्या. आता तळहात पट्टीवर टेकवून ठेवतो, बोट भोकात उतरतं आणि घसरत नाही. स्टँड वेल्डिंगवाल्यानं सायकलच्या हँडलच्या क्लॅम्पवर केला. टॅबलेट 14,000 रुपयांचा, पट्टी 350 ची; पण ती काढून ठेवली तर माझ्या दृष्टीनं टॅबलेट मुका. या कामाला इंजिनिअर, डिझाइनर, उपचारतज्ज्ञ आणि भाषेचा अभ्यासक एकत्र लागतात असं वाचलं होतं, ते खरंच आहे. त्यांच्यासोबत पाट्यावाला आणि वेल्डरही बसवा, एवढं मी म्हणेन.

आता वेगाचं. बोलता येणारा माणूस मिनिटाला सव्वाशे-दीडशे शब्द सहज बोलतो. साधनावरून बोलणारे बहुतेक जण पंधराच्या आत असतात. मी सहा-सातवर आहे. म्हणून रोजची वाक्यं बटणावर बांधून ठेवलीत: "युरिया संपला, परवा येईल", "पावती घेतल्याशिवाय जाऊ नका". सगळ्यात कामाचं बटण म्हणजे "थांबा, मी लिहितोय." ते दाबलं की निम्मे लोक थांबतात. बाकीचे माझं वाक्य अर्ध्यावर ओढून स्वतःच पूर्ण करतात, आणि बहुतेक वेळा चुकीचं. जूनमध्ये कपाशीच्या बियाण्याला रांग लागते तेव्हा थांबायला कुणालाच वेळ नसतो. ते तीन आठवडे मी पुन्हा वहीपुरताच उरलो होतो. हे मला लागलं. यंत्र आणखी वेगवान व्हायला हवंच, पण समोरच्यानं दहा सेकंद माझ्या डोळ्यांत बघत थांबणं हे कुठल्याच ॲपमध्ये येत नाही.

आवाज स्वच्छ आहे, थोडा बसस्थानकावरच्या घोषणेसारखा. लिपीत 'च' एकच, तोंडात मात्र दोन. 'चारा' म्हणताना हा 'चार'मधला 'च' लावतो, आणि गुरांचा चारा मागायला आलेला माणूस दचकून बघतो. एकदा बँकेच्या हेल्पलाइनला फोन लावला. मी बटण दाबून बोलू लागलो आणि पलीकडच्यानं रेकॉर्ड केलेला कॉल समजून फोन ठेवून दिला. दोनदा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात संवादाच्या व्याख्येतच पूरक आणि पर्यायी साधनं, म्हणजे माझ्या टॅबलेटसारखी, धरली आहेत. फोन उचलणाऱ्याला ते कुणीतरी शिकवायला हवं. आता माझं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "मी माणूस आहे, यंत्रातून बोलतोय, फोन ठेवू नका."

मेमध्ये पारा पंचेचाळीसला टेकला की दुपारी टॅबलेट तापून बंद पडतो, आणि उन्हात स्क्रीन दिसत नाही. म्हणून लॅमिनेट केलेला अक्षरांचा कागद खिशात असतो. वीज नसली तरी तो चालतो. जो कुणी असं साधन घेईल त्यानं कागद आधी बनवावा.

सगळ्यात जास्त झगडलो ते अहिराणीसाठी, म्हणजे आमच्या घरच्या खानदेशी बोलीसाठी. गिऱ्हाइकाशी मराठी चालते, पण आईशी मराठीत बोललो तर ती परक्यासारखी बघते. लिपी देवनागरीच, म्हणून अहिराणी लिहून मराठी आवाजाकडून वाचून घेतो. 'ऱ्हायना' त्याला जमत नाही, 'रायना' लिहावं लागतं. मी 'शे' (म्हणजे 'आहे') लिहिलं की ॲप खाली 'शेत', 'शेवटी', 'शेजारी' सुचवायचं; दोन महिन्यांनी कुठे त्यानं 'शे' हा पुरा शब्द मानला. पहिल्या दिवशी आईनं स्वयंपाकघरातून हाक मारली तेव्हा मी लिहिलं, "माय, मी आठेच शे", म्हणजे इथेच आहे. ती पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली, आधी दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "हाऊ तुना आवाज शे का?" मी मान हलवली, पण मला स्वतःलाच खात्री नव्हती.

यंत्रातून बोलणारे शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांचा आवाज अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातले संशोधक डेनिस क्लॅट यांच्या कामातून आला होता. पुढे चांगले आवाज निघाले तरी त्यांनी तो बदलला नाही, कारण तो त्यांचा झाला होता. माझं तसं झालेलं नाही. हिशोबाला यंत्राचा आवाज बरा वाटतो, पण थट्टा, राग आणि आईशी बोलणं त्यात बसत नाही. ते मी पुतण्याच्या आवाजात रेकॉर्ड करून घेतो. त्याचा सूर घरचा आहे, हेल आमच्याच गल्लीचा आहे. आत्तापर्यंत साठेक वाक्यं झालीत. पण तो यंदा कॉलेजला जळगावला गेलाय. अहिराणीचा आवाज यंत्रात येईपर्यंत मला माणूसच शोधावा लागणार, आणि संशोधन करणाऱ्यांनी आधी हे हाती घ्यावं असं मला कळकळीनं वाटतं.

आज तो पोळ्यासाठी घरी आलाय. बैल मिरवून आला की वीस वाक्यं उरकायची ठरलीत. पहिलं मी लिहून ठेवलंय: "भाऊ, मागली उधारी कव्हय देशी?"