रिझर्व्ह बँकेचे चलन संग्रहालय: वाणिज्य शाखेच्या सहलीत आवर्जून ठेवावे असे ठिकाण

मुंबईला शैक्षणिक सहल आणणारी बहुतेक वाणिज्य महाविद्यालये दलाल स्ट्रीटवरील शेअर बाजाराची इमारत पाहून परततात. तेथून जवळच, फोर्टमधील सर फिरोजशाह मेहता रस्त्यावर अमर इमारतीत असलेले रिझर्व्ह बँकेचे चलन संग्रहालय मात्र राहून जाते. द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांसोबत ते पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की, चलन आणि मध्यवर्ती बँक हे विषय शिकणाऱ्यांसाठी मुंबईत याहून उपयुक्त जागा मला ठाऊक नाही.

या संग्रहालयाचे उद्घाटन 2004 मध्ये तत्कालीन राष्ट्रपती डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते झाले. कवड्यांपासून आणि आहत नाण्यांपासून (ठसे मारून बनवलेल्या प्राचीन नाण्यांपासून) सुरू होणारा नाण्यांचा विभाग देखणा आहे. मराठेशाहीच्या नाण्यांपाशी आमची मुले साहजिकच रेंगाळली, आणि शिवराईसारखे तांब्याचे नाणे मराठी राज्य गेल्यानंतरही दख्खनच्या बाजारांत दीर्घकाळ चालत राहिले, हे तेथे सांगताना वर्गात कधी मिळत नाही असे लक्ष मला मिळाले.

तरीही खरी शिकवण कागदी चलनाच्या विभागात आहे. पूर्वी खाजगी बँका आणि इलाखा बँका, म्हणजे ब्रिटिशकालीन प्रांतांच्या बँका, आपापल्या नोटा काढत असत. 1861 च्या कागदी चलन कायद्याने तो अधिकार सरकारकडे गेला. 1 एप्रिल 1935 रोजी रिझर्व्ह बँक स्थापन झाली आणि जानेवारी 1938 मध्ये तिने सहाव्या जॉर्जचे चित्र असलेली पाच रुपयांची आपली पहिली नोट काढली. पाठ्यपुस्तकात हा सनावळ्यांचा कंटाळवाणा परिच्छेद असतो, पण येथे नोटेवर देणे मान्य करणारा कोण, हे कसे बदलत गेले ते डोळ्यांना दिसते. फाळणीनंतर काही काळ पाकिस्तानसाठीही रिझर्व्ह बँकेच्याच नोटा, त्या देशाचे नाव छापून, नाशिकच्या छापखान्यातून निघत होत्या, ही माहिती शिक्षकांनी येथे अवश्य द्यावी. मुलांनी यावरच सर्वाधिक प्रश्न विचारले.

हुंड्या, म्हणजे पैसे देण्यासाठी सावकार-व्यापारी एकमेकांवर लिहीत ती आदेशपत्रे, घाईने पाहू नयेत. सावकारी पेढ्यांचे जाळे गावोगावी पैसा कसा पोहोचवत होते, हे समजल्याशिवाय धनादेशाचे महत्त्वही पुरते उमगत नाही.

दालने फार मोठी नाहीत, त्यामुळे मोठा वर्ग एकदम नेण्याऐवजी लहान गट करावेत आणि जाण्यापूर्वी एक तास वर्गात तयारी करून घ्यावी. सोमवारी संग्रहालय बंद असते, म्हणून सहलीचा दिवस आधी विचारून ठरवावा. शक्य असल्यास प्रत्येक गटाला एक प्रश्न द्यावा: इतर नोटांवर गव्हर्नरांची स्वाक्षरी असताना एक रुपयाच्या नोटेवर वित्त सचिवांची का असते?