मेणवलीचा वाडा गेममध्ये बनवायचाय? डूम बिल्डर का ट्रेंचब्रूम?

साताऱ्यातली पोरं लय विचारतात म्हणून लिहितोय. दोन्ही एडिटर (गेमचे नकाशे बनवायचे प्रोग्रॅम) फुकट आहेत. अल्टिमेट डूम बिल्डर १९९३ च्या डूम या शूटिंग गेमसाठी, ट्रेंचब्रूम १९९६ च्या क्वेक या शूटिंग गेमसाठी.

डूममध्ये वरून नकाशा काढायचा, मग प्रत्येक सेक्टरला (रेघांनी बंद केलेल्या भागाला) जमिनीची न छताची उंची द्यायची, झालं. मेणवलीचा घाट काढायला हे एकदम भारी, पट्ट्या आखा न प्रत्येक पट्टी १६ युनिटने (गेममधलं लांबीचं माप) खाली घ्या, पायऱ्या तयार (२४ च्या वर गेलात तर प्लेअर चढतच नाही). जुना लॅपटॉपपण आरामात चालवतो.

पण वाडा दुमजली आहे, आणि मूळ डूममध्ये खोलीवर खोली येतच नाही! तिथं ट्रेंचब्रूमच पाहिजे, खरे थ्रीडी ठोकळे, माडी, जिना, कमान सगळं जमतं, फक्त पायरी १८ पर्यंतच ठेवा. कंपाइल मात्र करावं लागतं (म्हणजे नकाशा गेमला चालेल अशा फाइलमध्ये बदलायचा) आणि भिंतीत कुठं फट राहिली की लीक, म्हणजे गळती असल्याची चूक दाखवतं, मग पॉइंटफाइल (फटीची वाट दाखवणारी फाइल) एडिटरमध्ये लोड करायची, तिची रेघ थेट फटीपर्यंत नेते.

पहिलाच मॅप असेल तर माझं मत, घाट डूममध्ये करा, हात बसला की वाड्याला ट्रेंचब्रूम घ्या. डूम विकत नसेल घेतला तर त्याच्या फायलींऐवजी चालणारं फ्रीडूम वापरा, तेपण फुकट आहे.