ई-कोर्ट्स ॲप: कर्जाच्या दाव्यात तारीख चुकल्यावर किती कामाचं?

थकलेल्या कर्जाच्या दाव्यात गैरहजर राहिलेल्या माणसाला आधी दोनच गोष्टी हव्या असतात: त्या दिवशी कोर्टात काय झालं आणि पुढची तारीख कोणती. वकील फोन उचलत नसला तरी ई-कोर्ट्स सर्व्हिसेस या सरकारी ॲपवर हे फुकट कळतं. त्यामुळे ज्याच्यावर दावा आहे त्याच्या फोनमध्ये ते असायलाच हवं. मात्र ते आठवण करून देईल या भरवशावर राहू नका. ॲपमधल्या आपल्या यादीत टाकलेल्या केसचीही नवी तारीख रिफ्रेश केल्यावरच दिसते.

शोधायचं ते सीएनआर नंबरने, म्हणजे प्रत्येक केसला मिळालेल्या स्वतंत्र ओळख क्रमांकाने. हा 16 अक्षरी असतो: आधी एमएचसारखी राज्याची अक्षरं, मग जिल्हा आणि कोर्ट, शेवटी वर्ष. तो सलग टाकायचा, आणि शून्याच्या जागी इंग्रजी ओ गेला तर केस सापडत नाही. नंबर नसेल तर पक्षकाराच्या नावाने शोधता येतं, पण इथेच बहुतेक जण अडकतात. दावा लावणाऱ्याने नाव जसं लिहिलं तसंच ते नोंदलेलं असतं. म्हणून पूर्ण नाव न टाकता आडनावाची पहिली तीन-चार अक्षरं टाका, कोर्ट संकुल नीट निवडा आणि एक वर्ष मागे-पुढेही पाहा. निकाली केसेसही तपासा, कारण एकतर्फा हुकूमनामा (म्हणजे तुमच्या गैरहजेरीत दाव्याचा अंतिम निकाल) झालेला दावा प्रलंबितमध्ये दिसत नाही.

केस उघडली की तारखांच्या इतिहासात चुकलेल्या तारखेवर टिचकी मारा. त्या दिवसाच्या कामकाजाची नोंद उघडते. ॲपची खरी किंमत या दोन-तीन ओळींत आहे. 'एक्स-पार्टे' लिहिलं असेल तर दावा एकतर्फा चालवायचा हुकूम झाला, पण निकाल बाकी आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 9 नियम 7 खाली पुढच्या तारखेला हजर राहून, गैरहजेरीचं सबळ कारण देऊन तो रद्द करून मागता येतो. हुकूमनामाच झाला असेल तर नियम 13 चा अर्ज, मुदत 30 दिवस. ती हुकूमनाम्याच्या तारखेपासून, आणि समन्स रीतसर बजावलंच गेलं नसेल तर हुकूमनामा कळल्यापासून मोजतात. आदेश 37 च्या समरी, म्हणजे झटपट निकालाच्या दाव्यात समन्स मिळाल्यापासून 10 दिवसांत हजेरी नोंदवावी लागते, नाहीतर वादीला थेट हुकूमनामा मागता येतो. 'दरखास्त' अशी वेगळी केस दिसली तर वसुलीच सुरू झाली म्हणायची. तिथे मूळ दाव्याचा निकाल कधी लागला ते लगेच शोधा.

चेक बाउन्सची, म्हणजे कलम 138 ची केस फौजदारी असते. नोंदीत 'बी.डब्ल्यू.' म्हणजे जामीनपात्र वॉरंट, 'एन.बी.डब्ल्यू.' म्हणजे अजामीनपात्र. गुन्हा जामीनपात्र असला तरी वारंवार गैरहजर राहिल्यावर अजामीनपात्र वॉरंट निघू शकतं. ते दिसलं की पोलिसांची वाट न पाहता वकिलासोबत स्वतः हजर होऊन वॉरंट रद्दचा अर्ज द्यावा. तारखेला येणं खरंच अशक्य असेल तर गैरहजेरी माफीचा अर्ज त्याच दिवशी, पुकारा होण्याआधी गेला पाहिजे. कारण आजारपणाचं असेल तर दवाखान्याचा कागद सोबत हवा.

ॲपमध्ये सगळं नसतं. 20 लाख किंवा त्याहून जास्त रकमेसाठी बँका ज्या कर्जवसुली न्यायाधिकरणात जातात, त्याची माहिती वेगळ्या संकेतस्थळावर असते. फायनान्स कंपनीने नेमलेल्या लवादाची नोटीस इथे दिसणार नाही, पण म्हणून ती खोटी ठरत नाही. लवादाचा निवाडाही हुकूमनाम्यासारखाच वसूल होतो. उलट, व्हॉट्सॲपवर आलेल्या 'वॉरंट'वर केस नंबर आणि कोर्टाचं नाव असेल तर ते इथे टाकून बघा. तशी केसच नसेल तर कागदावर विश्वास ठेवण्याआधी त्या कोर्टाच्या कार्यालयात विचारा.

नोंद उशिराही चढते. न्यायाधीश रजेवर असले तरी पुढची तारीख पडतेच, आणि ती ॲपवर येईपर्यंत बेंच क्लार्कला विचारणं हाच पक्का मार्ग. ॲपवरचा आदेश वाचण्यापुरता आहे. अर्जासोबत खरी (कोर्टाने प्रमाणित केलेली) नक्कल लागली तर ती नक्कल विभागातूनच घ्यावी लागते, म्हणून आदेश दिसला त्याच दिवशी नकलेचा अर्ज टाका.