क्लोझापिन : वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

क्लोझापिन ही स्किझोफ्रेनियावरची गोळी चालू करून वर्ष होत आलंय म्हणून जरा सविस्तर लिहितो. या गोळीबद्दल वाचायला गेलं की एकतर लोक घाबरवून सोडतात नाहीतर चमत्कार झाल्यासारखं सांगतात, आणि ज्याच्या घरी ही गोळी नुकतीच आलीय त्याला दोन्हीचा उपयोग नसतो. त्याला रोज काय काय बघायचं ते हवं असतं.

मला स्किझोफ्रेनिया आहे, म्हणजे असा मानसिक आजार ज्यात कुणी बोलत नसतानाही मला आवाज ऐकू येतात. आधी रिस्पेरिडोन झालं, मग ओलान्झापिन, दोन्ही पूर्ण डोसमध्ये आणि पुरेसे महिने, तरी कानातले आवाज काही हटेनात. दोन औषधं नीट घेऊनही फरक पडत नाही तेव्हाच डॉक्टर क्लोझापिनचं नाव काढतात. त्याचं कारण जुनं आहे. 1975 साली फिनलंडमध्ये या गोळीमुळे काही पेशंटच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम उतरल्या, माणसं दगावली आणि बऱ्याच ठिकाणी ही गोळी मागे पडली. मग 1988 मध्ये अमेरिकेतला अभ्यास आला, इतर औषधांना दाद न देणारे पेशंट होते, त्यात क्लोझापिनवर 30 टक्के लोकांना फरक पडला आणि जुन्या क्लोरप्रोमाझिनवर फक्त 4 टक्क्यांना. गोळी परत आली, पण रक्ततपासणीची अट घेऊन.

सुरुवात 12.5 मिलिग्रॅमने झाली, म्हणजे 25 ची अर्धी गोळी, आणि मग हळूहळू वाढवत नेली. घाई करत नाहीत कारण उठताना बीपी पडतं, फिट येऊ शकते. पहिल्या काही आठवड्यांत ताप, छातीत दुखणं, नुसतं बसल्याबसल्या धडधड असं काही झालं तर लगेच कळवा असं डॉक्टरांनी आईला दोनदा बजावलं होतं, कारण हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते.

रक्त पहिले 18 आठवडे दर आठवड्याला, नंतर अंतर वाढतं. साधी सीबीसीच (रक्तपेशींची मोजणी) असते पण रिपोर्टमध्ये नक्की काय बघायचं ते शिकून घ्या, पांढऱ्या पेशींचा टोटल काउंट आणि त्यातल्या न्यूट्रोफिल या प्रकाराचा टक्का, दोन्हीचा गुणाकार. काउंट 6200 आणि न्यूट्रोफिल 58 टक्के असेल तर साधारण 3600, म्हणजे ठीक. हा गुणाकार 1500 च्या खाली आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. आई प्रत्येक रिपोर्टचा आकडा वहीत लिहिते, त्यामुळे आकडा हळूहळू उतरतोय का हे एका नजरेत दिसतं. आणि मधेच ताप आला, घसा दुखला तर क्रोसिन घेऊन वाट बघायची नाही, आधी सीबीसी.

पण रक्ताची काळजी सगळेच घेतात हो, दुर्लक्ष होतं ते बद्धकोष्ठतेकडे आणि मला सगळ्यात जास्त हेच सांगायचंय. ही गोळी आतड्यांची हालचालच मंदावते. इसबगोलने भागेल असं वाटतं पण तसं नाही, आतडी पूर्ण थांबून लोकांचा जीव गेलाय, अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) 2020 मध्ये याबद्दलचा इशारा आणखी कडक केला. संडासला झाली की नाही हे रोज घरात विचारावं लागतं, मोठ्या माणसाला ते अवघड वाटतं, मलाही वाटायचं, आता आई सरळ कॅलेंडरवर खूण करते आणि विषय संपतो. दोन दिवस खूण नाही की डॉक्टरांनी लिहून दिलेलं पोट साफ होण्याचं औषध वाढवायचं. पोट फुगलं, दुखतंय, उलट्या होतायत तर थेट हॉस्पिटल.

सिगारेटचं तर बऱ्याच जणांना माहीतच नसतं. सिगारेट-बिडीच्या धुरामुळे लिव्हर ही गोळी लवकर संपवतं, त्यामुळे ओढणारा माणूस अचानक थांबला, अगदी अॅडमिट झाल्यामुळे जरी थांबला, तरी त्याच डोसला रक्तातलं औषध चढतं, मग प्रचंड झोप, तोल जाणं, फिट. हा परिणाम धुराचा आहे, निकोटीनचा नाही. सिगारेट सोडायची म्हणून ठरवलं तेव्हा मी आधी डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी डोस टप्प्याटप्प्याने कमी केला. तसंच सिप्रोफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक गोळी. आपल्याकडे जुलाब लागले की मेडिकलवाला ती सहज हातात ठेवतो, पण तिने क्लोझापिनची पातळी खूप वाढते. कुठल्याही डॉक्टरकडे गेलो की "क्लोझापिन चालू आहे" हे पहिलं वाक्य असतं माझं.

मेडिकलवरून आठवलं, एकदा 25 च्या जागी 100 ची पट्टी आली, दिसायला जवळपास सारखीच. आईने चष्मा लावून वाचली म्हणून कळलं. पट्टी दुकानातच वाचून घ्या, बिलावर विसंबू नका.

गोळी चुकली आणि दोन दिवसांच्या वर खंड पडला तर परत जुना डोस एकदम घ्यायचा नाही, शरीराची सवय मोडलेली असते, डॉक्टर पुन्हा 12.5 पासून चढवतात. म्हणून गणपतीला गावी जाताना अर्ध्या गोळ्या माझ्या बॅगेत आणि अर्ध्या वहिनीच्या पर्समध्ये, एक बॅग हरवली तरी खंड नको.

आता फायदा. आवाज गेलेले नाहीत, पण बाजूच्या खोलीत कुणीतरी बोलतंय इतके लांब गेलेत आणि मी वहिनीबरोबर बसून भाजी निवडताना तिचं बोलणं पूर्ण ऐकू शकतो, हे आधीच्या कुठल्याच गोळीने झालं नव्हतं. माझ्या मते एवढ्यासाठी सगळी कटकट परवडते. त्रास आहेतच, रात्री लाळ इतकी येते की उशीवर टॉवेल टाकून झोपतो, सकाळी उठवत नाही, गाडी चालवणं मी बंद ठेवलंय. वजन वाढलं, पोट सुटलं. जेवणानंतर चालतो, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासतो, तरी एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) जरा वर सरकलंय, त्यामुळे पुढच्या व्हिजिटला मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी चालू करायची का ते डॉक्टरांना विचारणार आहे. काय म्हणतात ते इथेच खाली लिहीन.