सातबाऱ्यावर भात, जागेवर तीन मजले

२०२२ च्या पाडव्याला आम्ही बदलापूरच्या पुढे, कर्जतच्या अलीकडे एका गावात वन आर के बुक केला. त्यात साडेनऊ लाख रुपये गेले. त्या पट्ट्यात आजही दर रविवारी स्टेशनबाहेर साइट दाखवायला गाड्या उभ्या असतात आणि माझ्यासारख्याच बायका नवऱ्याबरोबर त्यात बसतात. म्हणून सगळं जसं घडलं तसं लिहिते आहे.

मी ठाण्यात एका खाजगी हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे. मिस्टर अंबरनाथच्या एमआयडीसीत कामाला. राहतो डोंबिवलीत, सासऱ्यांच्या घरात. दोघांनाही पेन्शन नाही. चौदा वर्षांत साठवलेले पैसे, भिशीचे दोन लाख आणि माझ्या आईच्या पाटल्या मोडून आलेली रक्कम, एवढं आमच्याकडे होतं. एजंट माझ्याच वॉर्डातल्या मैत्रिणीच्या ओळखीचा निघाला. तो म्हणाला, "ताई, एफडीवर काय मिळतं? घर घ्या, भाड्याने द्या. भाडं हीच तुमची पेन्शन." हे वाक्य माझ्या मनात इतकं बसलं की पुढचं काही मी नीट ऐकलंच नाही.

साइटवर इको गाडीतून नेलं, चहा-वडापाव दिला. गाडीत आणखी दोन जोडपी होती. त्यातला एक गृहस्थ सारखा म्हणत होता, मी दोन घेतलेत, दुसरा मुलीच्या नावावर. तो त्यांचाच माणूस होता असं मला आज वाटतं, पण पुरावा नाही. इमारत तयार होती, आत फरशी, ओटा, नळाला पाणी. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून डोंगर दिसत होता. मी त्या खिडकीत बराच वेळ उभी होते.

मग फाइल दाखवली. प्लास्टिकच्या कप्प्यांत नीट लावलेली. सातबाऱ्याची झेरॉक्स, गोल शिक्क्याचं बांधकाम परवानगीचं पत्र, ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला, कुणाच्या तरी फ्लॅटची घरपट्टीची पावती. मिस्टरांनी रेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्पाच्या सरकारी नोंदणीचा, नंबर विचारला. एजंट लगेच म्हणाला, "दादा, आठ घरांपर्यंतच्या बिल्डिंगला रेरा लागत नाही." कायद्यात अशी सूट खरोखर आहे. घरं आठपेक्षा जास्त नसतील किंवा जमीन ५०० चौरस मीटरच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही. पण आमच्या इमारतीत एका मजल्यावर पाच घरं होती आणि मजले तीन. जिन्याखाली महावितरणचे मीटर ओळीने लावलेले होते. ते मोजायला अर्धा मिनिट लागला असता. मी मोजले नाहीत.

पन्नास हजार टोकन तिथेच मोबाइलवरून पाठवलं. साडेपाच लाखांचा चेक दिला. उरलेले साडेतीन लाख रोख मागितले, म्हणाले, ताई, तेवढीच तुमची स्टॅम्प ड्युटी वाचेल. रोखीची पावती नाही. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर करारनामा टाइप केला, नोटरीचा शिक्का मारला. "ओसी (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) आली की रजिस्ट्रेशन करू, दोनदा खर्च कशाला?" हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं, म्हणून माणूस फसतो. नोटरीच्या करारनाम्याने घर नावावर होत नाही. दुय्यम निबंधकाकडे नोंदवल्याशिवाय मालकी येतच नाही. आणि रेराच्या कायद्यातलं १३ वं कलम सांगतं, की करार नोंदवण्याआधी बिल्डरने किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायची नाही. म्हणजे आमच्याकडून ९५ हजारांच्या वर एक रुपयाही घेता आला नसता. आम्ही पूर्ण साडेनऊ लाख देऊन बसलो होतो.

भाडेकरू एजंटच बघून देणार होता. जूनपासून महिन्याला चार हजार रुपये खात्यात यायला लागले, पाच तारीख कधी चुकली नाही. सासूबाईंना मी दर महिन्याला मेसेज दाखवायचे. वॉर्डातल्या दोघींना मीच सांगितलं की चांगली स्कीम आहे. त्यांनी पैसे गुंतवले नाहीत, याबद्दल मी आजही देवाचे आभार मानते. नोव्हेंबरपर्यंत चोवीस हजार आले. ते आमच्याच साडेनऊ लाखांतले होते. डिसेंबरचं भाडं आलं नाही. एजंटचा फोन आधी बिझी, मग बंद.

जानेवारीत नाइट ड्यूटी संपवून मी एकटीच कर्जत लोकल पकडली. दोनशे तीन नंबरच्या दाराला तोरण होतं, बाहेर तुळशीची कुंडी. मला बरं वाटलं, भाडेकरू चांगले दिसतात. दार एका बाईने उघडलं, कडेवर मूल. मी म्हटलं, मी घरमालकीण, भाड्याचं विचारायला आले होते. ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "ताई, हे घर आमचं आहे. ऑगस्टमध्ये घेतलंय."

तिने आतून फाइल आणली. तेच प्लास्टिकचे कप्पे, तेच परवानगीचं पत्र. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरीचा करारनामा, फ्लॅट नंबर २०३. खाली साक्षीदारांच्या दोन सह्या होत्या, त्याच दोघांच्या, माझ्या करारनाम्यावर होत्या तशाच. दोन्ही कागद आम्ही ओट्यावर शेजारी शेजारी ठेवले. तिचे मिस्टर भांडुपला कामाला, गावची जमीन विकून पैसे आणलेले. ती रडली नाही. मला पाणी दिलं आणि म्हणाली, आता काय करायचं ते दोघींनी मिळून करू. तिच्यामुळेच मी पुढचं सगळं करू शकले.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी परवानगीच्या पत्रावर ज्या कार्यालयाचा शिक्का होता तिथे गेलो. पत्राच्या डोक्यावर जावक क्रमांक (बाहेर पाठवलेल्या पत्राचा नोंद क्रमांक) आणि तारीख असते, ती तोपर्यंत माझ्या डोळ्यांना दिसलीच नव्हती. खिडकीवरच्या भाऊसाहेबांनी आधी माहिती अधिकाराचा अर्ज द्या म्हणून सांगितलं. मग कडेवरचं मूल बघून की काय, कपाटातून त्या वर्षाची जावक नोंदवही काढली. कापडी पाठीची, जाड. बोट फिरवत ते त्या क्रमांकावर आले. तिथे एका वीटभट्टीच्या परवान्याच्या पत्राची नोंद होती. आमच्या इमारतीचं पत्र त्या कार्यालयातून कधी गेलंच नव्हतं. माहिती अधिकाराचा अर्जही आम्ही दिला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, आणि तेच लेखी उत्तर आलं. पोलिसांत तो कागद सगळ्यात जास्त उपयोगी पडला.

त्याच दिवशी बाहेर बसून मोबाइलवर महाभूलेख या सरकारी वेबसाइटवर त्या गटाचा सातबारा काढला. नुसता बघायला पैसे लागत नाहीत, डिजिटल सहीचा १५ रुपयांत मिळतो. मालक म्हणून अकरा नावं, सामाईक. आम्हाला विकणाऱ्याचं नाव त्यात कुठेच नाही. बिनशेतीचा उल्लेख नाही. पिकांच्या रकान्यात भात. तीन मजले उभे होते त्या जागेवर कागदोपत्री अजून भात पिकत होता. आम्हाला दाखवलेली झेरॉक्स दुसऱ्याच गटाची होती.

घरपट्टीच्या पावतीवर विश्वास ठेवू नका, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. त्या पट्ट्यात सगळ्यात जास्त लोक तिच्यावरच फसतात. घरपट्टी हा कर आहे. ती लागली म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही आणि मालकीही सिद्ध होत नाही. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखलाही गावठाणाबाहेरच्या बहुमजली इमारतीची परवानगी होऊ शकत नाही.

आणि रेराचा नंबर असला तरी डोळे मिटू नका. कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारतींचं प्रकरण आमच्या घराजवळचं आहे. महापालिकेच्या बनावट परवानग्या जोडून तिथे महारेराची नोंदणी मिळवली होती. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडायचा आदेश दिला. त्यातल्या कित्येकांचं गृहकर्ज चालू होतं. बँकेने कर्ज दिलं, नंबर आहे, मग घाबरायचं कशाला, असंच त्यांनाही वाटलं असणार. नंबर मिळाला होता तो खोट्या कागदावर. तो कागद ज्या कार्यालयाच्या नावाचा आहे त्या कार्यालयात जाऊन बघणं, हे काम दुसरं कुणी आपल्यासाठी केलेलं नसतं.

तक्रार द्यायला आम्ही जवळजवळ दोन महिने उशीर केला, तो माझ्यामुळे. रोख दिलेल्या साडेतीन लाखांची मला भीती वाटत होती, उलट आपल्यालाच दंड होईल असं वाटलं. एजंटनेही सुरुवातीला तेच सुचवलं होतं, रोखीचं कुठे बोलू नका ताई. नंतर वकिलांनी सांगितलं, घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेण्याला आयकर कायद्यात बंदी आहे आणि दंड घेणाऱ्याला होतो. त्या दोन महिन्यांत त्यांनी खाती रिकामी केली. तुमच्यातलं कुणी याच भीतीने गप्प बसलं असेल तर कृपा करून आजच वकिलाशी बोला.

गुन्हा नोंदला गेला, एजंटला अटक झाली, नंतर जामीन झाला. त्याच इमारतीत फसलेले आम्ही नऊजण निघालो. चेकच्या रकमेचा पुरावा बँकेत आहे, रोखीचा माझ्याकडे एक व्हॉट्सअॅप मेसेज आहे, "मिळाले" एवढाच. आतापर्यंत परत आले ते एक लाख वीस हजार. आईला पाटल्यांचं मी अजून सांगितलेलं नाही. दोनशे तीनमध्ये ती बाई अजून राहते, कारण तिला दुसरीकडे जायला जागा नाही. तारखेला आम्ही एकत्रच जातो.

गेल्या महिन्यात आमच्या वॉर्डातली नवी सिस्टर एक फाइल घेऊन आली, टिटवाळ्याचा वन बीएचके. मी आधी पत्राच्या डोक्यावरचा जावक क्रमांक शोधला आणि मंगळवारी तिच्याबरोबर रजा टाकून कार्यालयात गेले. नोंद जुळली. सातबाऱ्यावर बिनशेती आहे, विकणाऱ्याचं नावही आहे. तिने आता वकिलाकडे तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींचा तपास, काढायला दिलाय. एजंट रोज फोन करून विचारतो, मॅडम, टोकन कधी? तिने अजून दिलेलं नाही.